विद्यापीठाची पाच मिनिटं

सेलूहून आम्ही बोलतोय. आम्ही म्हणजे सेलू शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या बाया. माइकसमोर समन्वयक म्हणून एकच जण बसली असली, तरी आजचं सांगणं सगळ्यांचं आहे. ते आमच्या बैठकीतच ठरलं.

विद्यापीठाचा कारभार आणि त्याचं नियोजन, असा आजचा विषय आहे. तुम्ही म्हणाल, हे प्राध्यापकांचं काम, बचत गटाला त्याचं काय? आम्हालाही तसंच वाटायचं. मग मागच्या एका दिवाळीच्या आधी एक गोष्ट घडली.

सोयाबीनची काढणी चालू होती. गटातल्या एका मावशींची लेक बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. परीक्षेचा अर्ज भरायची सूचना वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. पण प्रवेशाच्या वेळी फोन नंबर दिलेला भावाचा, आणि भाऊ कामाला पुण्याला. घरात कळलं तेव्हा नेहमीची मुदत संपून गेली होती. विलंब शुल्क भरून अर्ज घ्यायचा फक्त एक दिवस उरला होता. मावशी शेतातून तशाच चिखलाच्या पायांनी आमच्याकडं आल्या. आम्ही पेटी उघडून अंतर्गत कर्ज दिलं, रजिस्टरवर सह्या दुसऱ्या दिवशी झाल्या. लेकीचा अर्ज गेला, वर्ष वाचलं.

पुढच्या बैठकीत आमच्यातल्या एक आक्का, ज्या अजून अंगठाच देतात, म्हणाल्या, "पैसे दिले ते बरं झालं. पण आपण इतक्या जणी, त्यात चार-पाच शिकलेल्या. एकीलाही ती तारीख कशी माहीत नव्हती?"

आमच्याकडं उत्तर नव्हतं. तिथून आम्ही हे शोधायला लागलो.

आधी थोडं जुनं सांगतो. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. २३ ऑगस्ट १९५८ ला त्या वेळच्या औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. मग सेलूच्या माणसाला विद्यापीठात काम असलं की जालन्याकडची गाडी धरावी लागायची. १७ सप्टेंबर १९९४ ला, म्हणजे मुक्तिसंग्राम दिनीच, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं आणि आपला परभणी जिल्हा त्यात गेला. तेव्हापासून आपण उलट्या दिशेची गाडी धरतो. मानवत रोड, परभणी, पूर्णा, नांदेड, आणि तिथून पुढं विष्णुपुरी. आज नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांची कॉलेजं या विद्यापीठाला जोडलेली आहेत. परभणीला वसंतराव नाईक कृषी विद्यापीठ आहे, पण ते शेतीच्या शिक्षणाचं. आपल्या लेकींच्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या पदवीवर शिक्का नांदेडचाच लागतो.

आता कारभाराकडं येतो. विद्यापीठ दरवर्षी आपलं वेळापत्रक काढतं. वर्ग कधी सुरू होणार, सत्र कधी संपणार, हिवाळी आणि उन्हाळी परीक्षा कधी, हे त्यात असतं. त्याशिवाय वर्षभर परिपत्रकं निघत राहतात. अर्जाची मुदत वाढली, पेपरची तारीख बदलली, निकालानंतर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज अमुक दिवसांत करायचा, पदवी प्रमाणपत्रासाठी अर्ज सुरू झाले. हे सगळं वेबसाइटवर लागतं आणि कॉलेजच्या फलकावरही लागतं. ते कुणी लपवून ठेवत नाही. पण रोजंदारीला जाणाऱ्या घरात ते आपोआप पोचतही नाही.

म्हणून आम्ही एक साधी रीत पाडली. महिन्याच्या एका बैठकीत बचत आणि कर्जाचा हिशेब झाला की पाच मिनिटं विद्यापीठाची. ज्या घरात कॉलेजला जाणारी मुलगी किंवा सून आहे, तिनं आदल्या दिवशी वेबसाइट आणि फलक बघायचा आणि तारखा मोठ्यानं वाचायच्या. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहायच्या. प्रवेशाच्या वेळी मुलीच्या स्वतःच्या किंवा आईच्या हातात असलेल्या फोनचाच नंबर द्यायचा, हेही ठरवलं. तेव्हापासून आमच्या गटांत परीक्षेच्या विलंब शुल्कासाठी कुणाला कर्ज घ्यावं लागलेलं नाही.

या वाचनातूनच एक महत्त्वाची गोष्ट कळली. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणं २०२४-२५ पासून आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांतही पदवीची रचना बदलली आहे. प्रत्येक विषयाचे श्रेयांक मिळतात आणि ते मुलीच्या नावानं खात्यात जमा राहतात, आपली बचत जमा राहते तसे. पहिल्या वर्षानंतर लग्न झालं, शिक्षण थांबलं, तरी कमावलेले श्रेयांक लगेच बुडत नाहीत. ते जास्तीत जास्त सात वर्षं राहतात आणि त्यावर पुढचं शिक्षण धरता येतं. लग्न ठरवताना आता आम्ही वरपक्षाला हे आवर्जून सांगतो.

पण तारखा वाचणं हे झालं निम्मं काम. दुसऱ्याच एका बैठकीत प्रश्न आला की नवीन कॉलेज कुठं निघणार, कोणत्या तालुक्यात विज्ञान शाखा द्यायची, हे कोण ठरवतं? शोधल्यावर कळलं की महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणं प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो. सध्याचा २०२४-२५ ते २०२८-२९ चा आहे. त्यावरून दरवर्षीचा आराखडा निघतो. एखाद्या जागी नवीन कॉलेज हवं असेल, तर ती जागा आराखड्यात असावी लागते. नसेल तर अर्जाचा विचारच होत नाही.

हा आराखडा विद्यापीठाच्या अधिसभेपुढं मंजुरीला येतो. विद्यापीठाच्या खर्चाचा अंदाजही तिच्यापुढं येतो. आणि या अधिसभेत दहा जागा नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यायच्या असतात. त्यांतली एक जागा महिलेसाठी राखीव आहे.

हे वाचलं त्या दिवशी आम्ही हात वर करून मोजलं. आमच्या गटांत पदवी झालेल्या अकरा जणी निघाल्या. त्यांतल्या एकीचंही नाव पदवीधर मतदारांच्या यादीत नव्हतं. बोलणारीचंही नव्हतं. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत एकही मत न चुकवणाऱ्या आम्ही, आणि हे मत आपलं आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पदवी पेटीत, साडीच्या घडीखाली ठेवलेली.

पदवी असली म्हणजे नाव आपोआप यादीत जात नाही. निवडणुकीआधी विद्यापीठ नोंदणीची सूचना काढतं, तेव्हा मुदतीत अर्ज करावा लागतो. मुदत गेली की पुढची निवडणूक पाच वर्षांनी. म्हणून कागद आधीच तयार ठेवायचे. पदवी प्रमाणपत्राची प्रत, राहण्याचा पुरावा, फोटो. आणि इथं आपल्या बायकांची खास अडचण येते. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं. आमच्या अकरांपैकी सात जणींकडं ते नव्हतं. गावात ते ग्रामपंचायतीत आणि शहरात नगर परिषदेत मिळतं. सात जणींनी एकाच आठवड्यात अर्ज केले. एकीचे मालक म्हणाले, "वीस वर्षांनी आता लग्नाची नोंद कशाला?" ती म्हणाली, "मला मत द्यायचंय." ते सहीला आले.

आमच्यातल्या कुणी निवडून येईल असं आम्ही म्हणत नाही. पण मत मागायला उमेदवार येईल, तेव्हा त्याला विचारायचे तीन प्रश्न आम्ही रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहेत. खेड्यातल्या मुलींच्या एस.टी.च्या वेळा बघून पेपरची वेळ आणि केंद्र ठरेल का? प्रमाणपत्राच्या कामासाठी नांदेडला घालवायची एक दिवसाची मजुरी वाचेल का? पुढच्या आराखड्यात सेलू तालुक्यासाठी काय असेल?

एखाद्या निर्णयाचा कागदच बघायचा असेल, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज पुरतो. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही लागत नाहीत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हिशेब झाला की एवढंच करा. पदवी झालेल्या किती जणी आहेत ते मोजा, आणि प्रत्येकीला पेटीतली पदवी बाहेर काढून त्यावरचं नाव वाचायला सांगा. आमच्या आक्कांनी तर नातीची गुणपत्रिका आणली होती. म्हणाल्या, "मला वाचता येत नाही, पण हिचं नाव यादीत घालायची तारीख मी चुकू देणार नाही."