कुंपणातली गजकर्णी



पावसाळ्यात आमच्या गटातल्या काही जणी रानभाज्यांच्या पाट्या घेऊन कल्याणच्या बाजारात बसतात. मुरबाड, शहापूरकडून येणाऱ्या बायांची तिथे रांगच असते. शेवळं संपतात, टाकळा येतो, मग भारंगी, कंटोली. भाजी घेता घेता एखादी ताई हळूच विचारते, "मावशी, गजकर्णावर काही पाला आहे का गं?" म्हणून आज गजकर्णीविषयी बोलायचं आम्ही ठरवलं.

गजकर्णी हे कमरेएवढं झुडूप. कोकणपट्टीत ओढ्याकाठी, सावलीच्या जागी आणि घराच्या कुंपणातही दिसतं. पानं समोरासमोर जोडीनं येतात, लांबट आणि टोकाला निमुळती. हिवाळ्यात बारीक पांढरी फुलं लागतात. फुलाची खालची पाकळी तीन भागांत पसरलेली, वरची अरुंद. लांबून बघितलं तर छोटे बगळे उडाल्यासारखे वाटतात. दादमर्दन हे झाड वेगळं. त्याला मेणबत्तीसारखे पिवळ्या फुलांचे उभे तुरे येतात. तेही गजकर्णावरच वापरतात. फिलिपिन्स देशात सरकारनं मान्य केलेल्या १० औषधी वनस्पतींत ते आहे. आपल्या टाकळ्याला संस्कृतात चक्रमर्द म्हणतात, म्हणजे चट्टा मोडणारा. त्याच्या बियाही जुनी माणसं वाटून लावत.

गजकर्ण ही बुरशी आहे. कडेनं लाल आणि मध्ये फिकट असा गोल चट्टा उठतो आणि खूप खाजतो. तिला ओल आवडते. भातलावणीत दिवसभर ओलं लुगडं अंगावर असतं. कल्याण-डोंबिवलीहून ठाण्याला कामाला जाणाऱ्या आपल्या बहिणी लोकलच्या गर्दीत घामानं भिजतात. कंबर, जांघ, छातीखालची घडी, तिथेच ही बुरशी धरते. लाजेपायी आपण सांगत नाही, तोवर ती घरभर फिरते.

गजकर्णीची ताजी पानं किंवा मूळ लिंबाच्या रसात वाटून चट्ट्यावर लावायची जुनी रीत आहे. हिच्या मुळात आणि पानात असलेले घटक प्रयोगशाळेत बुरशीला मारताना दिसले आहेत. म्हणजे आजीचं अगदीच खोटं नव्हतं. पण आम्ही अनुभवानं काही गोष्टी शिकलो, त्या ऐका.

लिंबाचा रस अंगाला लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते आणि काळे डाग पडतात. म्हणून आम्ही आता पाला साध्या पाण्यातच वाटतो. आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडा लावून एक दिवस बघतो. आग झाली, पुरळ आलं तर धुऊन टाकतो, पुन्हा लावत नाही. फुटलेल्या किंवा चिघळलेल्या कातडीवर, तोंडावर, नाजूक जागी आणि लहान बाळांना लावत नाही. पोटात तर मुळीच घेत नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्या गटातल्या एका बहिणीच्या पाठीवर फिकट चट्टा होता. आम्हीच म्हटलं, गजकर्ण असेल, पाला लाव. चार महिने लावला. चट्टा गेला नाही, पण खाजतही नव्हता. हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही. शेवटी आशाताईंनी पिसानं स्पर्श करून बघितलं, तर तिथे तिला काही कळेना. तो कुष्ठरोग निघाला. सरकारी दवाखान्यात फुकट गोळ्या मिळाल्या, ती बरी झाली. पण ते चार महिने आमच्यामुळे गेले, ही रुखरुख आहे. आणखी उशीर झाला असता तर हातापायाच्या नसा दुखावल्या असत्या. म्हणून सांगतो, चट्टा बधिर असेल किंवा खाजत नसेल, तर पाला लावायच्या आधी दाखवा.

दुसरा धोका दुकानातल्या मलमाचा. दोन दिवसांत खाज थांबवणाऱ्या कित्येक मलमांत स्टेरॉइड असतं. खाज थांबते, पण बुरशी आत पसरत राहते आणि कातडी पातळ होते. २०१८ साली सरकारनं अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं, तरी ती हातोहात मिळतात. शेजारणीची ट्यूब मागून लावू नका. डॉक्टरांनी औषध दिलं तर खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नका, सांगितलेले दिवस पुरे करा.

आणि जे फुकट आहे ते आधी करा. अंग कोरडं पुसा. टॉवेल, कंगवा, आतले कपडे ज्याचे त्याला. चादरी कडक उन्हात वाळवा. घरात दोघांना असेल तर दोघांनीही एकाच वेळी औषध घ्या, नाहीतर एकाचं बरं होतं आणि दुसऱ्याकडून परत येतं. दोन आठवड्यांत फरक नसेल, चट्टे वाढत असतील किंवा साखरेचा आजार असेल, तर घरच्या उपायावर थांबू नका.

गजकर्णीची फांदी पावसाच्या सुरुवातीला खोचली तरी जगते. या वर्षी आम्ही प्रत्येकीच्या कुंपणात एक लावणार आहोत. झाड जपायचं, त्याची ओळख मुलींना द्यायची. आणि झाडाच्या शेजारी उभं राहून हेही सांगायचं, की आशाताईंना कधी हाक मारायची.

येतो आम्ही. नमस्कार.