थिएटर उभं राहील, पण बॅकस्टेजवाल्यांचं काय?

8 ऑगस्ट 2024च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभारलेलं. आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती, बघा. पुनर्बांधणीला सरकारनं कोटींचा निधी जाहीर केला. चांगलंच झालं. पण तो भिंती-छपरासाठी. लाइटवाला, मेकअपवाला, सेट लावणारी पोरं यांना कुठला पगार? प्रयोग झाला तर नाइट मिळते. थिएटर बंद, नाइट बंद.

नाट्यगृह महापालिकेचं आहे ना? मग थिएटर सुरू होईपर्यंत या लोकांसाठी पालिकेच्या बजेटमध्ये वेगळी तरतूद हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. कोल्हापूरकरांनो, बजेट मांडायच्या आधी आपल्या नगरसेवकाला गाठा. लेखी द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.