नाव, यंत्र आणि सुटे भाग
(न्यासाच्या सुतारकाम वर्गातील विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या सुतारकाम वर्गात भुसा व ढलप्या ओढून घेणारे जे जुने अमेरिकी यंत्र आहे, ते ठेवावे की भंगारात काढावे, असा प्रश्न कार्यकारी मंडळापुढे आला आहे. ‘कंपनीच बुडाली, आता त्याला कोण विचारतो?’ असे एक मत. ‘जुने ते लोखंड, नवे ते सगळे प्लॅस्टिक’ असे दुसरे. या दोहोंपैकी एकही मत आम्हांला पुरते पटत नाही, म्हणून हे चार शब्द.

आपल्याकडे व्हॅक्यूम क्लीनर म्हटले की १९८२ पासून दारोदार फिरलेले युरेका फोर्ब्सचे विक्रेते आणि घरातला गालिचा आठवतो. कार्यशाळेतले यंत्र निराळे. त्याची टाकी पिंपासारखी, नळी जाड, आणि पाणी सांडले तरी ते ओढून घेते. घरगुती यंत्रांच्या पुष्कळ प्रकारांत ओढलेली हवा गाळून मोटरीवरूनच बाहेर जाते व तीच मोटरीला थंड करते. कार्यशाळेच्या यंत्रात मोटरीला थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते. त्यामुळे ओल व भुसा वेटोळ्यांपर्यंत जात नाहीत, आणि फिल्टर तुंबला तरी मोटर लगेच जळत नाही. टाकी पाण्याने भरली की आतला तरंगता गोळा वर चढून वाट बंद करतो व मोटरीचा आवाज एकदम बारीक, चढा होतो. वर्गातल्या मुलांना तो आवाज ओळखीचा आहे. ही यंत्रे वीस वीस, तीस तीस वर्षे टिकली याचे श्रेय आम्ही या साध्या रचनेला देतो, नावाला नाही.

नावांचे म्हणाल तर त्यांची कथा मोठी उद्बोधक आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात विल्यम्सपोर्ट नावाचे गाव आहे. तेथील शॉप-व्हॅक या कंपनीचे नाव इतके रुळले, की कोणत्याही कंपनीच्या अशा यंत्राला लोक तेच नाव देऊ लागले. (वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो, तशातली गत.) सप्टेंबर २०२० मध्ये ती कंपनी एकाएकी बंद झाली आणि चारशेंवर कामगारांचा रोजगार गेला. नाव मात्र मेले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस चीनमधील हांगझो येथील ग्रेट स्टार कंपनीने ते विकत घेतले, आणि पुढे त्याच गावात काम पुन्हा सुरू झाले.

दुसरे नाव क्राफ्ट्समन. सिअर्स या बड्या दुकानदार कंपनीने ते १९२७ पासून चालवले. त्या नावाच्या हातहत्यारांना जन्मभराची हमी असे. पण त्या नावाखाली विकली जाणारी भुसा ओढण्याची यंत्रे सिअर्स बनवीत नसे. ती वर्षानुवर्षे एमर्सन कंपनीने बनवली, आणि तीच कंपनी रिजिड या नावानेही तशी यंत्रे काढी. म्हणजे डब्यावरची नावे दोन, पण कारखानदार एकच. २०१७ साली सिअर्सने क्राफ्ट्समन हे नाव स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकर कंपनीला विकले, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सिअर्सने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला. अमुक नाव म्हणजे अमुक यंत्र, हा हिशेब मग कोणी कसा मांडावा?

नावाची पत घसरण्याला खुद्द नाववाल्यांचाही हातभार लागला. या यंत्रांच्या खोक्यांवर पाच, साडेसहा अश्वशक्ती असे आकडे ठळक छापले जात. तिकडील घरगुती सॉकेट १२० व्होल्ट व १५ अँपिअरचे. गुणाकार केला तर १८०० वॅट, म्हणजे ७४६ वॅटची एक याप्रमाणे जेमतेम २.४ अश्वशक्ती. बाकीची चार अश्वशक्ती कोठून येणार? ती क्षणिक कमाल असते, काम करताना मिळत नाही, एवढे बारीक अक्षरांत लिहून मोकळे व्हायचे! आमच्या वर्गातल्या मुलांनी हे गणित वहीत करून पाहावे.

आता जुन्याच्या अभिमान्यांना थोडे सांगावयाचे आहे. जी जुनी यंत्रे आज आपल्याला दिसतात, ती टिकली म्हणूनच दिसतात. त्यांची जी भावंडे दोन वर्षांत मोडली, ती भंगारात गेली; त्यांची साक्ष कोण काढणार? शिवाय लोखंडी टाकी ओल्या कामाने गंजते, प्लॅस्टिकची गंजत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जुना साधा कागदी फिल्टर अगदी बारीक भुसा अडवीत नाही, तो पुन्हा हवेत सोडतो. लाकडाच्या धुळीने नाकाचा कर्करोग होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच मान्य केले आहे. आपली मुले पुढे उद्यमबागेत ओतकामाचे लाकडी पॅटर्न करायला जातात. त्यांना दिवसभर पॉलिश पेपर घासावा लागतो. तेथे आमचे हे म्हातारे यंत्र उपयोगाचे नाही, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

तेव्हा मंडळापुढे आमचे म्हणणे असे. रंध्याच्या ढलप्या व जाड भुसा यांसाठी जुने यंत्र ठेवावे. ते १२० व्होल्टचे असल्याने ट्रान्सफॉर्मर लागतो, तो आपल्याकडे आहे. मोटर कार्बनवर चालणारी असल्याने आपल्या वीजपुरवठ्याची ५० आवर्तने तिला बाधत नाहीत. कार्बन झिजले तर मापाचे घासून बसवता येतात, बेअरिंगे बाजारात मिळतात आणि वेटोळी गुंडाळून देणारे कारागीर गावात आहेत. नळीही अडीच इंची, नेहमीच्या मापाची. अडचण आहे ती एकट्या फिल्टरची. पॉलिश पेपरच्या कामासाठी मात्र बारीक धूळ अडविणारे नवे यंत्र घ्यावे, आणि ते घेताना दुकानदाराला अश्वशक्ती न विचारता फिल्टर, कार्बन व नळी किती वर्षे मिळेल ते विचारावे, व उत्तर लेखी घ्यावे.

फिल्टरसाठी दरसाल थोडी रक्कम अंदाजपत्रकात धरावी. जुन्या यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूस कार्बन, बेअरिंग व फिल्टर यांची मापे लिहिलेला कागद चिकटवून ठेवावा. मापे इंचात आहेत, तेवढे मिलिमीटरची सवय असलेल्या मुलांनी ध्यानात ठेवावे.