तीन रेघा आणि दोन घरे

(एका कुटुंब-मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



डोंबिवलीतील एका गृहनिर्माण संस्थेत काही वर्षांपूर्वी घडलेला हा प्रसंग. तळमजल्यावर राहणाऱ्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याने आयुष्यातील पहिली मोटार घेतली. हार, नारळ, पेढे सगळे यथासांग झाले. पाचव्या दिवशी सायंकाळी गाडीच्या मागच्या दारावर विटेच्या तुकड्याने ओढलेल्या तीन उभ्या रेघा त्यांना दिसल्या, पार पत्र्यापर्यंत गेलेल्या. प्रताप होता समोरच्या बिऱ्हाडातील नऊ वर्षांच्या मुलाचा. आवाराच्या भिंतीला नुकताच रंग दिलेला, तिच्यावर काही काढायचे नाही अशी मुलांना सक्त ताकीद. म्हणून त्याने क्रिकेटच्या यष्ट्या गाडीवर काढल्या. तर्क तसा बिनतोडच म्हणायचा!

गृहस्थ समोरच्या दारी गेले. मुलाचे वडील नुकतेच कार्यालयातून आले होते, पायातले बूटही निघाले नव्हते. ते म्हणाले, “लहान आहे हो तो, काका. किती खर्च येतो सांगा, देऊन टाकतो.” आतून आईचा आवाज आला, “खाली दहा मुलं खेळतात, आमच्याच मुलानं केलं कशावरून?” मुलगा दाराआड उभा राहून सारे ऐकत होता. गृहस्थ एक शब्द न बोलता परतले. त्या दिवाळीत फराळाचे ताट या दारातून त्या दारात गेले नाही.

वस्तुतः पैसे देण्याची तयारी पहिल्याच वाक्यात दाखवली गेली होती. मग दुखावले काय? ‘देऊन टाकतो’ या शब्दांतील ‘टाकणे’ दुखावून गेले. आणि त्याहून मोठी हानी दाराआड झाली. आपण केलेली गोष्ट एका पालकाच्या लेखी पैशाने मिटते आणि दुसऱ्याच्या लेखी घडलेलीच नसते, एवढे त्या मुलाला एका मिनिटात कळले.

अशा वेळी पुष्कळांना कायद्याची आठवण होते. परंतु कायदा या प्रांतात फार जपून पाऊल टाकतो. 1860च्या भारतीय दंड संहितेत सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध मानलेले नव्हते. सात ते बारा या वयात मुलाला कृत्याचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी परिपक्वता होती की नाही, हे पाहिले जाई. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही कलम 20 व 21 मध्ये हीच व्यवस्था कायम ठेवली आहे. शिवाय नुकसान करण्याचा हेतू किंवा ते होणार याची जाणीव असल्यावाचून नुकसानीचा गुन्हा होत नाही. खेळताना चेंडू लागून तावदान फुटले, तर तो गुन्हाच नव्हे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी 2015चा बाल न्याय अधिनियम आहे, तोही शिक्षेपेक्षा सुधारणेकडे झुकणारा. दिवाणी भरपाईचे म्हणावे, तर केवळ जन्मदाता म्हणून पालकावर ती आपोआप येत नाही. देखरेखीत त्याचा स्वतःचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो. अल्पवयीन मुलाने वाहन चालवण्याच्या बाबतीत मात्र 2019च्या दुरुस्तीने पालकाला थेट जबाबदार धरले आणि तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड ठेवला. रस्त्यावर जिवाशी गाठ असते, म्हणून तो अपवाद.

विम्याचीही तीच कथा. एका दारासाठी दावा केला की ठरावीक रक्कम आधी स्वतः सोसावी लागते आणि पुढील वर्षीची ‘नो क्लेम बोनस’ची सवलत जाते. ओरखड्यासाठी हा व्यवहार बहुधा परवडत नाही.

उलट, संतापाच्या भरात मुलाच्या कानाखाली लगावली, तर ज्याचे नुकसान झाले तोच आरोपी होतो. इजा पोहोचवण्यासाठी न्याय संहितेच्या कलम 115 मध्ये एक वर्षापर्यंत कारावास वा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, सांगितले आहे. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी दुसऱ्याच्या लेकरावर हात उचलणाऱ्याची तक्रार कितीही न्याय्य असो, तिथेच ती संपते.

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा येते. चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात दडवला. मौनव्रतामुळे ऋषी बोलले नाहीत आणि राजाज्ञेने सुळावर चढवले गेले. पुढे त्यांनी धर्मदेवालाच जाब विचारला. बालपणी तुम्ही किड्यांना गवताची काडी टोचत होता, त्याचे हे फळ, असे उत्तर आले. अल्प अपराधाला एवढा दंड? मांडव्यांनी धर्माला मनुष्यजन्माचा शाप दिला, तोच विदुर. आणि चौदा वर्षांपर्यंत बालकाच्या कृत्याचे पातक लागणार नाही अशी मर्यादा घालून दिली. दंड संहितेच्या कितीतरी शतके आधी हा प्रश्न आपल्याकडे विचारला गेला होता.

पण पातक लागत नाही याचा अर्थ कोणी काही बोलायचेच नाही असा नव्हे. भागवताच्या दशम स्कंधात गोपी कृष्णाच्या खोड्यांचे गाऱ्हाणे घेऊन येतात, ते यशोदेकडे. कंसाच्या दरबारात कोणी जात नाही. यशोदा हसते, रागावत नाही. पुढच्याच अध्यायात तिच्या स्वतःच्या घरातले दह्याचे मडके फुटते, तेव्हा मात्र तिच्या हाती काठी येते! दुसऱ्याच्या घरचे मडके फुटले तर कौतुक आणि आपले फुटले तर काठी, हे आईबापांच्या स्वभावातले जुनेच दुखणे दिसते. तथापि मूल भ्यालेले पाहताच ती काठी टाकून देते.

डोंबिवलीच्या त्या घरात ही कोंडी फोडली ती आजीने. सातारकडील गावाहून ती चार महिन्यांनी आली. दारासमोर दार असून येणे-जाणे नाही, हे तिच्या पहिल्याच दिवशी ध्यानात आले. तिने नातवाला विचारले, सुनेला नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे बोट धरून ती समोरच्या दारी उभी राहिली आणि एवढेच म्हणाली, “भाऊ, याला तुम्हांला काही सांगायचं आहे.” मुलाने सांगितले. रडत सांगितले, पण स्वतः सांगितले.

गृहस्थांनीही मग मोठे शहाणपण दाखवले. ‘जाऊ दे, लहान आहे’ असे ते म्हणाले नाहीत. तसे म्हटले असते तर मुलाचे सांगणे वाया गेले असते. त्यांनी त्याला वडिलांसह गाडीत बसवून रंगकाम करणाऱ्याकडे नेले. तीन रेघांसाठी अख्खे दार घासावे लागते, पुट्टी भरावी लागते, ती वाळली की पुन्हा घासायची. एवढ्याच जागी रंग लावला तर तो जुन्याशी मिळत नाही, म्हणून सगळे दार रंगवायचे. मुलगा पाहत राहिला. कारागिराने त्याच्या हाती पॉलिश पेपरचा तुकडा दिला. दहा मिनिटांत बोटे दुखू लागली.

बिल वडिलांनी भरले, या वेळी ‘देऊन टाकतो’ न म्हणता. मुलाच्या वाट्याला दर रविवारी गाडी पुसणे आले, सहा रविवार. आईने तिसऱ्या रविवारी बादली स्वतः भरून दिली. तिच्याकडून क्षमेचा शब्द कधी आला नाही, आणि गृहस्थांनीही तो मागितला नाही.

एक गोष्ट मात्र उरली होती. मुलांनी यष्ट्या काढायच्या कुठे? आवारातली मोकळी जागा वाहनांनी व्यापलेली आणि भिंतीला हात लावायचा नाही. संस्थेच्या सभेत हा विषय त्या गृहस्थांनीच मांडला. बराच काथ्याकूट झाला आणि अखेर मागच्या बाजूची एक भिंत मुलांना मिळाली. त्या भिंतीवर पांढऱ्या रंगाच्या तीन यष्ट्या त्यांनी स्वखर्चाने काढून घेतल्या. त्या थोड्या उंच झाल्या आहेत, अशी मुलांची तक्रार आहे.