बुडालेल्या गाडीचे पुरे पैसे

(महिला संघटनांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विमा कंपनीशी कसं भांडायचं यावर बोल, असं मला सांगण्यात आलं, तेव्हा इथल्याच एका मैत्रिणीने विचारलं, "गाडीवाल्या बायकांचे प्रश्न आपण कशाला घ्यायचे? मारहाणीच्या केसेस काय कमी आहेत?" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देते.

आपल्या केंद्रावर येणाऱ्या बाईचं दुखणं मारहाणीचं असो की पोटगीचं, शेवटी गोष्ट दोन ठिकाणी येऊन अडते. कागद कुणाच्या नावावर आणि पैसा कुणाच्या हातात? घर, शेत, रेशनकार्ड यांवर आपण वर्षानुवर्षं बोलत आलो. आता गावोगाव गाड्या आल्यात, बहुतेक कर्जावरच्या, नाहीतर सेकंडहँड. पुष्कळ घरांत घराखालोखाल मोठी किंमत असते ती गाडीचीच. ती गेली की जे पैसे येतात, त्यांचा हिशेब घरातल्या बाईला कोणी सांगत नाही. म्हणून हा आपला विषय आहे.

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा माझी जुनी गाडी टपापर्यंत बुडाली. ती माझ्याच नावावर होती. कोर्ट, पोलीस ठाणं, वाड्यावस्त्या असं केंद्राचं निम्मं काम तिच्यावर चालायचं. पाणी ओसरल्यावर मी तिची किल्ली फिरवली नाही. हे नीट लक्षात ठेवा. पाण्यातली गाडी चालू करून पाहिली आणि इंजिन गेलं, तर ते नुकसान तुमच्या करणीमुळे झालं असं कंपनी म्हणते. मी आधी फोटो काढले. काचेवरची चिखलाची रेघ, आतल्या सीट, मीटरवरचा आकडा, नंबरप्लेट. मग कंपनीला कळवलं, फोनवर आणि लेखीही.

कंपनीच्या कार्यालयात पहिलं वाक्य ऐकलं ते असं: "मॅडम, मिस्टरांना पाठवा, आम्ही त्यांच्याशी बोलून घेतो." मी म्हटलं, "गाडी माझी, हप्ता माझा, पॉलिसीवर नाव माझं. बोलणंही माझ्याशीच करा."

आता हिशेब सांगते. पॉलिसीवर एक आकडा छापलेला असतो, त्याला आयडीव्ही म्हणतात. म्हणजे विम्यासाठी ठरवलेली गाडीची किंमत. माझ्या पॉलिसीवर ती २,८०,००० रुपये होती. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, की गाडी 'टोटल लॉस' धरायची, असं नेहमीच्या पॉलिसीतच लिहिलेलं असतं. माझ्या बाबतीत ही रेषा २,१०,००० ची. गॅरेजने लेखी अंदाज दिला २,४६,००० चा. तेव्हा दुरुस्तीचा प्रश्नच उरला नाही.

तरी कंपनीने देऊ केले १,४३,०००. कसे? गाडी जुनी म्हणून ५६,००० ची घट. भंगाराची किंमत म्हणून ८०,०००. आणि प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायचे ठरलेले १,०००. हे सगळं तोंडी. वर सल्ला असा की "पुराचे शेकडो क्लेम आहेत, सही करून मोकळ्या व्हा."

मी सही केली नाही. एक पत्र लिहिलं. त्यात एवढंच विचारलं, की प्रत्येक वजावट पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली केली ते लेखी द्या, आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत द्या. पत्राची पोच घेतली.

जुनेपणाच्या घटीला कलम निघेना, कारण ते नाहीच. पूर्ण नुकसान झालं तर आयडीव्ही हीच पॉलिसीच्या मुदतभर बाजारभाव मानायची, आणखी घट धरायची नाही, असं नेहमीच्या पॉलिसीत स्पष्ट आहे. मार्चमध्ये कंपनीनेच ही किंमत लिहिली, तिच्यावर हप्ता घेतला. जुलैमध्ये ती बदलायची कशी? घ्यायच्या वेळी एक भाव आणि द्यायच्या वेळी दुसरा, यावर सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली पूर्ण नुकसान झालेल्या एका गाडीच्या प्रकरणात कंपन्यांना बोल लावले आहेत. सर्व्हेअरचा अहवाल हा शेवटचा शब्द नव्हे, हेही याच न्यायालयाने २००९ साली सांगितलं आहे.

भंगाराची घासाघीस वेगळी. कंपनी म्हणते गाडी तुम्ही ठेवा, तिची किंमत आम्ही वजा करतो. मग ती किंमत जितकी फुगवावी तितकं आपलं नुकसान. मी गावातल्या दोन भंगारवाल्यांकडून लेखी भाव आणले. दोन्ही पन्नास हजारांच्या आतले. कंपनीला म्हटलं, ८०,००० ला जाते ना, मग तुमचं गिऱ्हाईक आणा आणि घेऊन जा. त्यांच्या गिऱ्हाइकाने दिले ५२,०००. उरलेले २,२७,००० कंपनीने दिले. एकूण २,७९,०००. अडीच महिने लागले, पण पहिल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट मिळाले. गाडी जाताना कोऱ्या फॉर्मवर सह्या मागितल्या, त्या दिल्या नाहीत. आरटीओत गाडी आपल्या नावावर असेपर्यंत तिने केलेल्या अपघाताची जबाबदारीही आपल्यावर येते.

आता जास्त महत्त्वाची गोष्ट. माझ्याच आळीतली एक बाई. तिचा नवरा २९ एप्रिलला कोरोनाने गेला. गाडी आणि पॉलिसी त्याच्या नावावर, आणि गाडी त्याच पुरात बुडालेली. एजंटने तिला सांगितलं, "वहिनी, माणूस गेला तिथेच पॉलिसी संपली." दीर म्हणाले, आता कशाला धावपळ, भंगारात देऊन टाकू. ती केंद्रात आली. आम्ही पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचली. विमाधारकाच्या मृत्यूनंतर पॉलिसी लगेच संपत नाही, ती तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालू राहते, असं अट म्हणून छापलेलं होतं. याच काळात वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यायची असते. पूर आला तेव्हा तीन महिन्यांतले सात दिवस शिल्लक होते. मृत्यूचा दाखला, आरसी बुकाची प्रत आणि वारस म्हणून तिचा अर्ज त्या सात दिवसांत पोचवला. कर्जाचे हप्ते बाकी असल्याने बँकेने आपले आधी घेतले, तेही नियमाप्रमाणेच. उरलेले तिच्या स्वतःच्या खात्यात जमा झाले, दिरांच्या नव्हे. त्यावर मुलीची कॉलेजची फी भरली गेली.

कंपनी ऐकत नसेल तर पुढची दारं आहेत. आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबईला आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, वारसालाही जाता येतं. मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं. दुसरं दार जिल्हा ग्राहक आयोगाचं. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. आणि एखादीने दबावाखाली 'पुरे पैसे मिळाले' अशा कागदावर सही केली असेल, तरी हताश होऊ नका. सही फसवून वा जबरदस्तीने घेतली हे दाखवता आलं तर दाद मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ सालीच म्हटलं आहे. पण ते सिद्ध करणं अवघड, म्हणून सही आधी करूच नये.

हे पैसे कंपनीची मेहरबानी नव्हेत. हप्ता भरला त्या दिवशीच त्यांचा सौदा झालेला असतो. तेव्हा दोन कामं सुचवते. आपापल्या गावी गेल्यावर घरातली पॉलिसी काढून नाव, आयडीव्ही आणि मुदत वाचा. आणि केंद्रावर विधवा बाई आली, की पेन्शन आणि वारस नोंदीबरोबर तिला हेही विचारा: घरात गाडी होती का, आणि तीन महिने झाले का?