पेसमेकरची गती आणि माणसाची दिनचर्या

(शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्यासाठी भरलेल्या आरोग्यविषयक प्रशिक्षण वर्गात एका हृदयरोगतज्ज्ञांनी दिलेले व्याख्यान)



आजच्या विषयाचा आरंभ मी एका गुरुजींपासून करणार आहे. वय सत्तरीच्या पुढचे, सह्याद्रीच्या उतारावरील एका गावी राहणारे, प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झालेली. चक्कर येऊन ते दोनदा पडले. तपासणीत हृदयाची गती फार मंदावल्याचे आढळले आणि एका रुग्णालयात त्यांना पेसमेकर बसविण्यात आला. चक्कर थांबली. पुढे वर्षभराने ते माझ्याकडे आले ते मात्र एक चमत्कारिक तक्रार घेऊन. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एसटीत नुसता बसलो तरी छाती धडधडते आणि एसटीतून उतरून घरची चढण लागली की पाऊल उचलत नाही. हे यंत्र उलटे तर बसविले नाही ना?"

यंत्र उलटे बसविलेले नव्हते. ते बिघडलेलेही नव्हते. तरी गुरुजींची तक्रार शब्दशः खरी होती. असे का व्हावे, हे समजावून सांगणे हाच आजच्या माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

निसर्गाने आपल्या हृदयात एक गतिकारक ठेवलेला आहे. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, म्हणजे अलिंदात, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. कीथ आणि फ्लॅक या दोघा ब्रिटिश संशोधकांनी १९०७ साली त्याचे वर्णन केले. तेथून निघणारा विद्युतसंदेश खालच्या कप्प्यांपर्यंत, म्हणजे निलयांपर्यंत, पोचतो आणि हृदय आकुंचन पावते. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारणतः ६० ते १०० ठोके पडतात. झोपेत ते आणखी कमी होतात. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणाऱ्या बाईचे ठोके सहज १२० च्या वर जातात. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. निरोगी तरुण माणसाच्या बाबतीत कष्टाच्या वेळी हे प्रमाण २० लिटरपर्यंत वाढू शकते आणि त्या वाढीतील मोठा वाटा ठोक्यांची संख्या वाढण्याचा असतो. म्हणून ज्याचे ठोके वाढत नाहीत तो बसल्या जागी ठणठणीत दिसतो आणि चढावर मात्र थांबतो. घरचे म्हणतात, वय झाले. पुष्कळदा खरी अडचण वयाची नसते.

ही व्यवस्था दोन प्रकारे बिघडते. आपणांपैकी बहुतेकांचा संबंध कचेरीच्या कामकाजाशी असल्याने त्यातलेच उदाहरण देतो. एका प्रकारात तालुक्याहून आदेश वेळेवर निघतो, परंतु तो गावापर्यंत पोचत नाही. वरच्या कप्प्यातील केंद्र शाबूत असते, खाली जाणारा मार्ग मात्र तुटलेला असतो. दुसऱ्या प्रकारात आदेशच निघत नाही, अथवा कशीबशी रोजची कामे चालतील इतकाच निघतो. केंद्रच दुबळे झालेले असते.

हा भेद नीट ध्यानात ठेवावा, कारण पेसमेकरची योजना त्यावर अवलंबून आहे. पहिल्या प्रकारच्या रुग्णास दोन कप्प्यांचा पेसमेकर बसविला की तो वरच्या कप्प्याचा ठोका ऐकतो आणि तोच खाली पोचवितो. रुग्ण धावला तर त्याचे स्वतःचे केंद्र गती वाढवील आणि यंत्र केवळ निरोप्याचे काम करील. तेथे यंत्राने स्वतःची अक्कल चालविण्याची गरज नाही. दुसऱ्या प्रकारात मात्र ऐकण्यासारखे वर काही नसते. तसेच ज्यांच्या वरच्या कप्प्यात कायमचा कंप सुरू झालेला असतो आणि ठोके मंद पडतात, त्यांच्या बाबतीतही वरचा कप्पा उपयोगी पडत नाही. अशा वेळी माणूस आराम करतो आहे की कष्ट करतो आहे, हे यंत्राला दुसऱ्या कोणत्या तरी खुणेवरून ओळखावे लागते.

आरंभीच्या पेसमेकरना ही ओळख मुळीच नव्हती. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे शल्यविशारद सेनिंग यांनी अभियंता एल्मक्विस्ट यांनी तयार केलेला पेसमेकर आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात बसविला. शरीराच्या आत बसविलेला तो पहिला पेसमेकर. तो काही तासांतच बंद पडला, परंतु लार्सन यांना पुढे एकामागून एक नवी यंत्रे बसविली गेली आणि ते २००१ सालापर्यंत जगले. त्या पिढीतील यंत्रे ठरलेल्या एकाच गतीने ठोके देत. माणूस झोपलेला असो की विहिरीचे पाणी शेंदत असो, त्यांना सर्व सारखेच. प्राण वाचत होते आणि त्या काळी तेवढेही थोडे नव्हते.

कष्टाची चाहूल घेणाऱ्या संवेदकांचा शोध १९७० नंतरच्या दशकात वेगाने सुरू झाला. इटलीतील कॅम्मिली यांनी रक्ताच्या आम्लतेवरून गती ठरविण्याचा प्रयोग केला, तर लंडनचे रिकर्ड्स यांनी १९८१ साली हृदयाच्या विद्युतआलेखातील एका अंतरावरून ती ठरविण्याची पद्धत मांडली. कष्ट वा भावना यांमुळे हे अंतर आखूड होते, हा त्यामागील आधार. या दोन्ही कल्पना शास्त्रदृष्ट्या सुंदर होत्या. प्रत्यक्षात मात्र १९८० च्या दशकाच्या मध्यास आलेला एक अगदी साधा संवेदक बाजी मारून गेला. शरीर हलले की यंत्राच्या डबीला आतून चिकटविलेल्या स्फटिकावर दाब पडावा आणि त्यातून क्षीण वीज निर्माण व्हावी, एवढीच ती युक्ती होती. हालचाल अधिक, तर ठोके अधिक. आजच्या बहुतेक पेसमेकरमध्ये त्याच जातीचा, पण सुधारलेला प्रवेगमापक असतो.

या संवेदकाचा गुण असा की तो तत्पर आहे. माणूस उठून चालू लागताच काही सेकंदांत गती वाढते. दोष असा की त्याला हालचाल कळते, कष्ट कळत नाहीत. जिना उतरताना पावले आदळतात, म्हणून पूर्वीच्या स्फटिकाच्या यंत्रांत जिना चढताना पडत त्यापेक्षा उतरताना अधिक ठोके पडत! सायकल चालविणाऱ्याचे पाय राबतात, पण छाती स्थिर असते. यंत्र समजते, हा बसून आहे. जड ओझे घेऊन सावकाश चढणाऱ्याचेही तेच.

दुसरा संवेदक श्वासाचा आहे. यंत्राची डबी आणि हृदयातील तार यांच्यामध्ये अतिशय सूक्ष्म प्रवाह सोडला असता छाती फुगताना व आकसताना विद्युतरोध बदलतो. त्यावरून माणूस मिनिटाला किती हवा आत घेत आहे, याचा अंदाज बांधता येतो. कष्ट वाढले की श्वास वाढतोच, म्हणून हा अंदाज चढावर प्रवेगमापकापेक्षा पुष्कळ खरा ठरतो. परंतु हा संवेदक उशिरा जागा होतो. हात जोराने हलविले, दीर्घकाळ खोकला आला, तर तो फसतोही. शस्त्रक्रियेच्या वा अतिदक्षता विभागातील काही यंत्रे श्वास मोजण्यासाठी अशाच प्रकारचा प्रवाह वापरतात आणि त्यामुळे असा पेसमेकर विनाकारण वेगाने धावू लागल्याची उदाहरणे घडलेली आहेत. म्हणून कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी पेसमेकरचे ओळखपत्र डॉक्टरांना दाखविलेच पाहिजे.

तिसरा प्रकार हृदयाच्या आकुंचनाचा वेध घेतो. तारेच्या टोकाभोवतीचा विद्युतरोध प्रत्येक ठोक्याबरोबर कसा बदलतो, हे तो पाहतो. मनावर ताण आला, राग आला, तरी तो ओळखतो; रुग्णास मनातल्या मनात हिशेब करावयास लावून त्याच्या चाचण्या झालेल्या आहेत. प्रवेगमापकाला यातले काही कळत नाही. आणखी एक प्रकार रक्ताच्या तापमानावर चालतो आणि तार नसलेल्या, थेट हृदयात बसविल्या जाणाऱ्या काही लहान पेसमेकरमध्ये तो वापरला जातो. गंमत अशी की कष्टाच्या आरंभी हातापायांतील थंड रक्त परत आल्याने तापमान क्षणभर उतरते आणि मग चढते. यंत्राला हा उतारही ओळखावा लागतो.

संवेदक कोणताही असो, त्याचे काही आकडे डॉक्टरांनी ठरवावयाचे असतात. किमान गती किती, कमाल गती किती, किती हालचालीनंतर यंत्राने जागे व्हावे, जागे झाल्यावर किती जोमाने चढावे आणि काम थांबल्यावर किती वेळात खाली यावे, हे सर्व ठरविता येते. त्यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही. प्रोग्रामर नावाच्या यंत्राच्या साहाय्याने बाहेरूनच काही मिनिटांत बदल करता येतो. माझ्या अनुभवात खरी उणीव आढळते ती येथे. कारखान्यातून आले तेच आकडे पुष्कळ रुग्णांच्या छातीत वर्षानुवर्षे तसेच राहतात. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत त्याची कमाल गती खाली ठेवावी लागते, नाहीतर छातीत दुखू लागते. शेतात राबणाऱ्यास आणि दिवसभर खाटेवर असणाऱ्यास एकच चढ कसा चालेल?

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ठोके वाढविले की माणूस सुधारलाच, असे नाही. अमेरिकेत आठशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन कप्प्यांच्या पेसमेकरमधील संवेदक काहींच्या बाबतीत चालू व काहींच्या बाबतीत बंद ठेवण्यात आला. ज्यांचा चालू होता त्यांचे ठोके श्रमाच्या वेळी अधिक वाढले, परंतु वर्षअखेर दोन्ही गटांच्या जीवनमानात फरक दिसला नाही. २०२३ साली ताठरलेल्या हृदयाच्या २९ रुग्णांवरील अभ्यासातही असेच आढळले: ठोके वाढले, पण दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त कमी झाले आणि श्रमशक्ती होती तेथेच राहिली. उलट त्याच वर्षी त्याच आजाराच्या १०७ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात किमान गतीच ६० वरून प्रत्येकाच्या मानाने, बहुधा ७५ च्या आसपास, वाढविली असता रुग्णांना बरे वाटले. या निष्कर्षांचा मेळ अजून पूर्णपणे बसलेला नाही. माझे मत विचाराल तर सरसकट चालू ठेवणे आणि सरसकट बंद ठेवणे, या दोन्ही गोष्टी आळसाच्या आहेत.

आता गुरुजींकडे वळतो. त्यांचे केंद्र दुबळे होते, म्हणजे त्यांना संवेदकाची गरज खरोखरच होती. पेसमेकर आपल्या स्मृतीत ठोक्यांचा हिशेब ठेवतो; त्याचा स्तंभालेख काढून पाहिला. जवळजवळ सर्व ठोके किमान गतीच्या स्तंभात आणि थोडे एकदम १०० च्या पुढे. मधले स्तंभ रिकामे. त्यांना रुग्णालयाच्या व्हरांड्यात चालविले, जिना चढविला, उतरविला. चढताना ६८, उतरताना ९०. प्रवेगमापक फार हळवा ठेवलेला असल्याने खडबडीत रस्त्यावर एसटीचे हिसके त्याला चालण्यासारखे वाटत. आणि चढावर गुरुजी काठी टेकीत, सावकाश, छाती न हलविता चालत, त्यामुळे यंत्राला काहीच कळत नसे. तेव्हा हळवेपणा कमी केला तर एसटीतील धडधड थांबेल, पण चढण आणखी अवघड होईल, असा पेच होता. सुदैवाने त्यांच्या यंत्रात श्वासाचा संवेदकही होता; तो बसविल्यापासून बंदच होता. तो चालू करून दोघांचे काम वाटून दिले: पहिली काही पावले प्रवेगमापकाची, पुढची चढण श्वासाची. कमाल गती ११५ वर ठेवली.

हे सुचले ते गुरुजींनी आणलेल्या एका कागदामुळे. जुन्या सवयीने त्यांनी आठवड्याचे टिपण केले होते. किती वाजता, कोणते काम करताना, दम की धडधड, बसल्यावर किती वेळाने बरे वाटले, असे चार रकाने. कोणत्याही यंत्राच्या स्मृतीत ही माहिती नसते. ठोके ९० झाले हे यंत्र सांगते, त्या वेळी माणूस चढावर होता की एसटीत, हे सांगत नाही. आपल्या गावात पेसमेकर बसविलेले कोणी असतील आणि त्यांना लिहिता येत नसेल, तर शिक्षकांनी वा एखाद्या विद्यार्थ्याने त्यांना असा कागद करून द्यावा, अशी माझी विनंती आहे. सोबत ओळखपत्र आणि चालू औषधांची यादी असावी, कारण काही औषधे हृदयाची स्वतःची गतीही रोखून धरतात. ओळखपत्रावर पेसमेकरच्या प्रकाराची इंग्रजी अक्षरे असतात. त्यांत शेवटी 'आर' हे अक्षर असल्यास गती बदलणारा संवेदक त्यात आहे असे समजावे. तो चालू आहे की नाही, हे मात्र तपासणीतच कळते. पेसमेकर बसविण्याच्या खर्चाचा समावेश शासकीय आरोग्य योजनांत झालेला आहे. परंतु यंत्र बसले म्हणजे काम संपले, असे समजून पुढील तपासण्यांना न जाणारे रुग्ण मी नेहमी पाहतो. प्रवासखर्च आणि बुडणारी मजुरी ही त्याची दोन कारणे मला वारंवार ऐकू येतात आणि त्यावर पंचायतीला काही करता येण्यासारखे आहे.

तीन महिन्यांनी गुरुजी पुन्हा आले. मधले स्तंभ भरू लागले होते. एसटीतील त्रास गेला होता आणि चढणीवर पूर्वी चार ठिकाणी बसावे लागे, आता एकाच ठिकाणी, आंब्याखाली, बसत. कागदावर एक नवी नोंद मात्र होती: गुरुवारी रात्री, भजनात, धडधड. टाळ वाजविताना हात जोराने हलत, आणि गाताना श्वासही जोरात चाले. दुसरा संवेदक त्याला फसत होता. मी म्हणालो, "गुरुजी, तेही थोडे कमी करून पाहू." त्यावर ते म्हणाले, "नको डॉक्टरसाहेब, चढण पुन्हा अवघड व्हायची. भजनात थोडी धडधड चालेल." आम्ही आकडे तसेच ठेवले.