टपालाचा कांटा

इंग्लंडांतील जुन्या घरांत लिहिण्याच्या मेजावर इवलासा पितळी कांटा असे. त्याचें गोत्र एका शाळामास्तराच्या घराशीं जुळतें. रोलंड हिल लहान असतां घरीं पैशाची ओढ फार. टपालहंशील तेव्हां अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. देई बहुधा पत्र घेणारा! घरांत पैसा नसतां टपालवाला दारीं येईल कीं काय, ह्या धास्तींत हिलची आई असे.

पुढें १८३७ सालीं हिलनें सुचविलें कीं, देशांत अंतर न पाहतां वजन पाहावें. १८४० सालीं अर्ध्या औंसाला एक पेनी, अर्थात् आगाऊ, असा दर झाला. म्हणून पत्र घरींच तोलणें आलें. अर्ध्या औंसाच्या वजनापुढें पत्राचें पारडें खालीं गेलें कीं दुसरी पेनी! हिंदुस्थानांत १८५४ सालीं पाव तोळ्याला अर्धा आणा ठरला.